ऑक्युपेशनल थेरपीत नुसते झोकेच देतात का? बटण कधी लावायला येणार?

सात_दहाची_व्हॅन

नमस्कार, आधीच सांगते पोस्ट मोठी होणारे. मुलगा साडेसहा वर्षांचा, पहिलीत, आम्ही डोंबिवलीत राहतो. बोलायला एकदम पोपट. डायनासोरची नावं विचारा, लोकलची स्टेशनं विचारा, कर्जत की कसारा ते पण सांगेल. पण हाताने करायचं काही आलं की गाडी अडलीच. शर्टाची बटणं येत नाहीत, बूट उलटसुलट, पेन्सिल इतकी दाबून धरतो की दोन ओळींत टोक मोडतं आणि हात दुखला म्हणतो, जेवताना भात ताटात कमी आणि ताटाभोवती जास्त. वर्गात बाकावरून खाली पडतो, म्हणजे कुणी ढकललेलं नसताना. डबा रोज जवळजवळ भरलेला परत. बाईंनी डायरीत दोनदा लिहून पाठवलंय, लिखाण अपूर्ण.

डॉक्टरांना दाखवलं, डोळे कान सगळं तपासून झालं, ते म्हणाले ओटी सुरू करा. मी घाबरलेच, मला ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. सासूबाईंना वाटलं कुणाची तरी ओटी भरायची आहे, त्यांनी खण कुठला आणायचा विचारलं. मग कळलं ऑक्युपेशनल थेरपी. त्यावर नवऱ्याचं म्हणणं, ऑक्युपेशन म्हणजे कामधंदा ना, ह्या वयात पोराला कसला धंदा लावताय.

तर आता दीड महिना झालाय. आठवड्यातून दोनदा, पाऊण तास, एका वेळचे सातशे, रिक्षा वेगळी. तिथे करतात काय, तर झोपाळ्यावर पालथं झोपवून झोके, मोठ्या बॉलवर लोळवणं, आणि एक चिवट पुट्टीचा गोळा असतो त्यात दडवलेले मणी शोधून काढायचे. पोरगं खूश आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण बटणं अजून मीच लावते, सहा पन्नासला, तव्यावर पोळी टाकून, आणि सात दहाला खाली व्हॅनवाले काका हॉर्न वाजवतात. सासूबाई म्हणतात ह्याचा बाप पण असाच होता, चौथीपर्यंत मीच कपडे घालायचे, झाला ना इंजिनियर.

मला एवढंच विचारायचंय की झोके आणि बटण ह्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, की बागेत नेलं असतं तरी हेच झालं असतं? कुणाच्या मुलांना खरंच फरक पडलाय का?

---

नाना_पेन्शनर

आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं. भोवऱ्याला जाळी गुंडाळायची, सागरगोटे, गोट्या, दिवाळीत किल्ल्याची माती कालवायची, हाताला आपोआप वळण लागायचं. आता पोरांच्या हातात मोबाईल, बोट फक्त सरकवायला. मग सातशे रुपये देऊन माती कालवायला पाठवायचं. चार चिंचोके द्या त्याला खेळायला, वाचतील पैसे.

ता. क. सौ. शेजारी बसून वाचतेय, ती विचारतेय की डबा स्टीलचा आहे का ते चारी बाजूंनी खटके असलेला प्लॅस्टिकचा? आणि तो घरी कधी स्वतः उघडतो का?

---

लेकीचा_बाबा

मनापासून विचारलेला प्रश्न आहे म्हणून सविस्तर लिहितो. माझी मुलगी नऊ वर्षांची, ऑटिझम आहे, ओटी चार वर्षं चालू आहे. तुमच्या मुलाचं वेगळं असणार, पण संबंध आहे का ह्याचं एक उदाहरण देतो, विषय जरा तसला आहे, जेवताना वाचू नका.

शी झाल्यावर तिचं तिला धुता येत नव्हतं. सात वर्षांची झाली तरी नाही. शाळेत त्यामुळे दिवसभर दाबून धरायची, घरी येईपर्यंत पोट दुखायचं, आम्ही पोटाचे डॉक्टर करून बसलो. थेरपिस्टबाईंना सांगितलं तर त्यांनी तिला काय करायला लावलं, तर फ्रॉकच्या पाठीमागे, कमरेच्या खाली, कपडे वाळत घालायचे चिमटे लावले सहा, आणि न बघता हात मागे नेऊन एकेक काढायचा. मला वाटलं हा काय पोरखेळ. पहिल्या दिवशी तिचा हात कमरेच्या पुढेच जाईना, ती गोल गोल फिरत राहिली कुत्रं शेपटीमागे फिरतं तशी. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हिला कळत नाही असं नाहीये, हिचा हातच तिथपर्यंत पोचत नाहीये आणि पोचला तरी न बघता काय करायचं ते हाताला माहीत नाहीये. वर एका हाताने पाण्याचा मग धरून दुसऱ्याने धुवायचं म्हणजे दोन्ही हातांना वेगवेगळी कामं, उकिडवं बसून तोल सांभाळून. आपण कधी विचार करतो का ह्याचा? चिमटे, मग पाठीमागून चेंडू एका हातातून दुसऱ्यात देणं, मग हाताला खोबरेल लावून पुसून काढणं, मग खरं बाथरूम. पाच महिने लागले. आता दार लावून घेते आणि बाबा जा म्हणते.

पैशांचं म्हणाल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणून मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र असतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, तिथे फुकट आहे, अंगणवाडी-शाळेत तपासणीला येतात ना ते पथक तिथेच पाठवतं. आमच्या जवळच्या ठिकाणी ओटीची जागा रिकामी होती म्हणून आम्ही खाजगीकडे गेलो, पण तुम्ही विचारून तरी बघा. निरामय विमा पण आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचे पैसे ठरावीक मर्यादेत मिळतात, पण तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता ह्या चारच गटांना, तुम्हाला बहुतेक लागू नाही होणार.

---

अर्ध्या_हळकुंडाने

दुसरी बाजू पण ऐका. आम्ही एका सेंटरला गेलो होतो, नाव घेत नाही. पहिल्याच दिवशी शंभर सेशनचं पॅकेज, आगाऊ भरलं तर सूट. मुलाला आत न्यायचे, दार बंद, आईबापाने बाहेर बसायचं. तीन महिन्यांनी विचारलं काय प्रगती, तर म्हणे सेन्सरी रेग्युलेशन सुधारतंय. म्हणजे काय विचारलं तर अजून चार इंग्रजी शब्द. एक वजनदार जॅकेट पण घ्यायला लावलं, कपाटात पडलंय, कुणाला हवं तर घेऊन जा. मुलगा आजही चड्डी उलटीच घालतो. त्यामुळे सातशेचा हिशोब मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

---

थेरपिस्टताई_कोल्हापूर

मी स्वतः ओटी आहे, मुलांबरोबरच काम करते, सतरा वर्षं झाली. न तपासता तुमच्या मुलाला काय आहे ते मी सांगणार नाही आणि इथे कुणी सांगत असेल तर ऐकू नका. पण बाकी बरंच सांगता येईल.

आधी नाना, तुमच्या वेळी होतं बरं का :) भारतातलं ओटीचं पहिलं कॉलेज मुंबईत केईएममध्ये १९५० ला सुरू झालं, कमलाबाई निंबकरांनी केलं. मूळच्या अमेरिकन, लग्न करून निंबकर झाल्या. फलटणला त्यांच्या नावाची मराठी शाळा आहे, कमला निंबकर बालभवन. तेव्हा तुम्ही भोवरा फिरवत होतात तेव्हा परळला आमचे सिनियर लोक तयार होत होते. पण चिंचोक्यांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, मी पण तेच वापरते. फरक एवढाच की ज्या पोराला सागरगोटे जमत नव्हते ते तुमच्या वेळी पण होतंच, तो कोपऱ्यात बसायचा आणि त्याला सगळे वेंधळा म्हणायचे. आठवा वर्गातला कोणीतरी.

ऑक्युपेशन म्हणजे नोकरी नाही. माणसाचा दिवस ज्या ज्या गोष्टींनी भरलेला असतो ते सगळं. सहा वर्षांच्या मुलाचं ऑक्युपेशन म्हणजे दात घासणं, आंघोळ, डबा खाणं, लिहिणं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे खेळणं.

आता झोके. पालथं झोपून झोका घेताना मान आणि पाठ उचलून धरावी लागते, करून बघा स्वतः, अर्ध्या मिनिटात घाम फुटेल. धड, म्हणजे पाठ-पोट, स्थिर नसेल तर मूल एक हात टेकून बसतं, मग कामाला एकच हात उरतो, आणि बटणाला दोन लागतात. हा संबंध. झोपाळे, रॅम्प, बॉल हे सगळं सेन्सरी इंटिग्रेशनमधून आलंय, म्हणजे स्पर्श, तोल, हालचाल ह्यांच्या जाणिवा मेंदूने नीट जुळवणं, अमेरिकेत जीन एअर्स नावाच्या ओटी होत्या त्यांचं काम. पण प्रामाणिकपणे सांगते, नुसत्या झोक्याने बटण येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१२ मध्ये सांगितलंय की सेन्सरीवाली थेरपी करायची तर मोठ्या उपचारांचा एक भाग म्हणून करा, तिचे पुरावे मर्यादित आहेत हे पालकांना सांगा, आणि सेन्सरी प्रोसेसिंगचा आजार असं सुटं निदान देऊ नका. हाताने करायच्या कामात अडकणाऱ्या मुलांना सगळ्यात जास्त उपयोग तेच काम तुकडे करून शिकवण्याचा होतो. पोहायला शिकायचं तर पाण्यात उतरावं लागतं तसं. त्यामुळे तुमच्या थेरपिस्टना सरळ विचारा की पुढच्या तीन महिन्यांत रोजच्या कुठल्या तीन गोष्टी त्याला यायला हव्यात आणि आज घरी मी काय करू. चांगली थेरपिस्ट चिडणार नाही, उलट खूश होईल, कारण आठवड्यात दीड तास आमच्याकडे असतो, बाकी सगळा तुमच्याकडे. आत बसू देत नसतील तर कारण विचारा. आणि नोंदणी बघा, चार-पाच वर्षांची डिग्री असते, राज्याच्या ओटी-फिजिओ परिषदेचा नंबर असतो. दोन महिन्यांचा कोर्स करून सेंटर उघडणारे पण आहेत, वरच्या पोस्टमधलं तसंच वाटतंय.

बटण असं शिकवा. सकाळी अजिबात नाही. सकाळी व्हॅन असते, तुम्हीच लावा, अपराधी वाटून घेऊ नका. संध्याकाळी पाच मिनिटं. आजीचा मोठ्या बटणांचा जुना स्वेटर असेल तर तो त्याच्या मांडीवर पसरा, कॉलर त्याच्या पोटाकडे, म्हणजे अंगात घातल्यावर वरून जसा दिसतो तसाच दिसेल. बटण तुम्ही काजात घाला, अर्धं बाहेर काढा, आणि त्याला फक्त शेवटचं ओढू द्या. झालं, बटण त्यानेच लावलं. दोन-चार दिवसांनी पाव बाहेर काढून सोडा, मग फक्त काजात टोक अडकवून सोडा. शेवटाकडून सुरवातीकडे यायचं. आम्ही बॅकवर्ड चेनिंग म्हणतो, तुम्ही काहीही म्हणा. ह्यात मूल रोज काम पूर्ण करूनच उठतं. सुरवातीपासून शिकवलं तर रोज मधेच अडकतं, रडतं, आणि शेवटी आई हिसकावून घेते. मग शाळेचा शर्ट, आधी मांडीवर, मग अंगात, खालची मधली बटणं आधी.

बाकावरून पडण्याबद्दल, शाळेत जाऊन एकदा त्याचे पाय बघा. नव्वद टक्के वेळा लोंबकळत असतात असं माझ्या बघण्यात आहे. पाय लटकवून तुम्ही अर्धा तास लिहून बघा. पायाखाली पाट द्या, रद्दीचा गठ्ठा बांधून ठेवा, काहीही. ह्याला सातशे रुपये लागत नाहीत.

पेन्सिलची पकड पुस्तकातल्यासारखी तीन बोटांचीच हवी असा हट्ट नको, चार बोटांत धरून सुंदर लिहिणारी मुलं आहेत. दुखतंय का आणि वेग येतोय का ते बघा. खडू, क्रेयॉन मोडून अंगठ्याएवढे तुकडे द्या, मुठीत मावतच नाहीत, बोटांतच धरावे लागतात. भिंतीला कागद चिकटवून उभ्याने काढू द्या. कणीक मळायला बसवा, मटार सोलायला, डाळिंबाचे दाणे, दोरीवर मोज्यांना चिमटे. आणि चमचा बाजूला ठेवा थोडे दिवस. इंग्रजी पुस्तकांत काटा-चमच्याचं लिहिलेलं असतं पण आपलं भात कालवणं, पाची बोटं जवळ आणून घास करणं, अंगठ्याने पुढे ढकलणं, ह्याच्यासारखा बोटांचा व्यायाम नाही. सांडेल, सांडू दे.

ह्याचा बाप पण असाच होता म्हणतात त्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, ती माहिती महत्त्वाची आहे, थेरपिस्टना सांगा. शंभरातल्या पाच-सहा मुलांना हालचालींचा मेळ बसवायला असा त्रास असतो, म्हणजे मोठ्या वर्गात दोन-तीन निघतातच, आणि ती आळशी किंवा मठ्ठ नसतात. इंजिनियर होता येतं, पण मधली दहा वर्षं पीटीच्या तासाला काय झालं ते त्यांना विचारा कधीतरी.

एका बाबतीत मात्र थांबू नका, आधी येत होतं ते यायचं बंद झालं, किंवा एकच बाजू कमजोर वाटली, तर थेरपिस्टकडे नाही, डॉक्टरकडे.

---

सात_दहाची_व्हॅन

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, रात्री साडेअकराला वाचत बसलीये.

नानांच्या सौ. ना माझा साष्टांग नमस्कार. डबा चार खटक्यांचाच आहे. घरी तो कधी उघडतच नाही कारण घरी आपण ताटात वाढतो. आज संध्याकाळी रिकामा डबा हातात दिला आणि म्हटलं उघड बघू. एक खटका उघडला, दुसऱ्याला जोर लावताना पहिला परत बसला, मग दाताने ओढायला लागला, मग माझ्याकडे बघून म्हणाला शाळेत मी वरुणला सांगतो, पण तो कधीकधी दुसऱ्या बाकावर असतो. मी तिथेच खाली बसले. पहिली सुरू होऊन पाच महिने झाले आणि मी रोज ओरडत होते की भाजी आवडत नाही म्हणून नखरे करतोस. नवरा काही बोलला नाही, नंतर म्हणाला मला चौथीत बुटाची नाडी येत नव्हती म्हणून मी आत खोचून ठेवायचो.

उद्या स्टीलचा वरून झाकण असलेला डबा आणते. सासूबाईंनी स्वेटर काढून दिलाय, बाटलीच्या झाकणाएवढी बटणं आहेत.

---

नाना_पेन्शनर

सौ. ला वाचून दाखवलं. म्हणते स्टीलच्या डब्याचं झाकण पण घट्ट असतं, नवीन असताना दोन दिवस उघडझाक करून सैल करा, काठाला किंचित तेल लावा. आमच्या वेळी हे नव्हतं म्हणालो ते मी मागे घेतो. वर्गात एक होता असा, खरंच होता. आम्ही त्याला लंगडीत कधी घेतलं नाही.

---

सात_दहाची_व्हॅन

धागा वर काढतीये, अडीच महिन्यांनी. लोक विचारून जातात आणि पुढे काय झालं ते सांगत नाहीत म्हणून मला राग येतो, तेव्हा मी सांगते.

थेरपिस्टना तीन गोष्टींचं विचारलं. त्या खरंच खूश झाल्या, म्हणाल्या पालक विचारतच नाहीत. बटण, डबा आणि एक पान न दुखता लिहिणं असं ठरलं. झोके अजून आहेत पण पहिली दहा मिनिटं, नंतर कामाचं, आणि शेवटी मला आत बोलवून दाखवतात. आता आठवड्यातून एकदाच जातो. पायाखाली पाट ठेवायला शाळेने आधी नाही म्हटलं, झाडताना अडचण होते म्हणे, शेवटी बाईंनीच जुन्या वह्यांचा गठ्ठा बांधून दिला. एकदाच पडलाय त्यानंतर, ते पण खिडकीतून माकड दिसलं म्हणून.

डबा रिकामा येतो. भेंडी असली की नाही येत, म्हणजे नखरे होतेच थोडे.

लिखाण अजून हळू आहे. अक्षर सुधारलंय असं मी म्हणणार नाही, पण टोक मोडत नाही. कणीक मळणं त्याला इतकं आवडलंय की रविवारी गोळा काळा पडेपर्यंत सोडत नाही, मग तो फुकट जातो आणि सासूबाई मला ऐकवतात.

बटणं पाच लागतात. सहावं, गळ्याजवळचं, काही केल्या येत नाही, मी समोर आरसा धरते तर अजूनच गोंधळतो. ताई काही युक्ती आहे का?

---

थेरपिस्टताई_कोल्हापूर

आरसा काढा, आरशात सगळं उलटं दिसतं. ते न बघता लावायचं बटण आहे म्हणून सगळ्यात शेवटी येतं. डोळे मिटून मणी ओवायला द्या मधेमधे. टाय असतो का शाळेत?

---

सात_दहाची_व्हॅन

असतो, इलॅस्टिकचा.

---

थेरपिस्टताई_कोल्हापूर

मग राहू दे की. टायखाली कोण बघतंय.